नऊ वर्षांनंतरची सूज

मागच्या पावसाळ्यात पन्नाशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, उजव्या बाजूला छाती सुजलीय. गोळ्या द्या." ताप नव्हता, दुखतही नव्हते. मी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली आणि सहज विचारले, "पूर्वी काही ऑपरेशन?" त्या गप्प झाल्या. सोबतच्या जावेला बाहेर बसवल्यावर म्हणाल्या, नऊ वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे मुंबईत तो स्तन काढला आणि त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवली. घरात नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. चार महिने त्यांनी सूज पदराआड लपवली होती. मी चिठ्ठी फाडली.

अशी पहिली सिलिकॉनची पिशवी १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे बसवली गेली. पण ही पिशवी जन्मभराची नसते. तिच्याभोवती शरीर तंतूंचे आवरण तयार करते. काहींत ते आवळते. स्तन कडक होतो, दुखतो. कधी पिशवी फाटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. क्वचित या आवरणात लसिकापेशींचा कॅन्सर होतो. तो स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरहून वेगळा असतो. मुख्यतः खडबडीत पृष्ठभागाच्या पिशव्यांशी त्याचा संबंध आढळल्याने २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने तशा पिशव्या जगभरातून परत घेतल्या. बहुधा आठ-दहा वर्षांनी एका बाजूला पाणी साठून सूज येते. वेळीच कळल्यास पिशवी व आवरण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात.

आमच्या बाईंच्या सोनोग्राफीत पाणी दिसले. त्यांना मूळ सर्जनकडे पाठवले. पाणी तपासले, सुदैवाने कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. पिशवी मात्र फाटली होती, ती काढली.

अशी शस्त्रक्रिया झालेल्या भगिनींनी एवढे करावे :

१. पिशवीचा प्रकार, कंपनी व क्रमांक लिहिलेले कार्ड जपून ठेवावे.

२. सिलिकॉनची पिशवी असल्यास पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा.

३. नवी सूज, गाठ, कडकपणा किंवा आकारात बदल दिसल्यास लगेच सर्जनला दाखवावे. लेप लावू नये, शेकू नये.

४. त्रास नसेल तर निव्वळ भीतीपोटी पिशवी काढून घेऊ नये.

आणि डॉक्टरांपासून जुने ऑपरेशन लपवू नये. त्या दिवशी मी तो एक प्रश्न विचारला नसता, तर त्या गोळ्या घेऊन घरी गेल्या असत्या.