बांध कोणाचा, खर्च कोणाचा?

शेतकऱ्याने आपल्याच शेतात बांध घालावा आणि त्याचे पैसे सरकारने द्यावेत, हे शहरातील पुष्कळांना खटकते. आमचे घर शाकारायला कोणी पैसे देतो काय, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. पण त्याचे उत्तर मावळात जाऊन शोधावे, असे आम्हांला वाटते.

लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो, आणि बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो. उतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन आणि खाली भाताची खाचरे, अशी येथील शेतीची मांडणी. खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात. वरचा बांध फुटला की पाण्याचा लोंढा खालच्या बांधावर आदळतो, तोही जातो, आणि नुकतीच लावणी झालेली रोपे गाळाखाली गाडली जातात. म्हणजे बांध एकाचा, पण त्याच्या भरवशावर अनेकांचे भात. पवनेच्या खोऱ्यातील माती निसटली की ती पवना धरणात बसते. त्याच धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. इंद्रायणीतून गेलेली माती देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत जाते. माती राखण्याचे कष्ट एकाचे आणि लाभ खालच्या सर्वांचा, असा हा व्यवहार आहे. तेव्हा अनुदान म्हणजे भीक नव्हे. लाभ घेणाऱ्यांनी उचललेला तो आपला वाटा होय.

ही दृष्टी यायला वेळ लागला. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने शेतकऱ्यास तगाई मिळे. पण ते कर्जच, व्याजासह फेडायचे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने एकेका शेताऐवजी सबंध क्षेत्राची योजना आखण्याची वाट मोकळी केली. अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेते उजाड केल्यावर, १९३६ च्या कायद्याने जमिनीचा कस राखणारी पिके घेणाऱ्यांना सरकार पैसे देऊ लागले. पुढे १९८५ च्या कायद्याने झिजणारी जमीन नांगराखालून काढून तिच्यावर गवत वा झाडे राखणाऱ्यास दहा ते पंधरा वर्षे दरसाल भाडे देण्याची सोय झाली.

येथे खरा भेद ध्यानात घ्यावा. बांध घालण्याचे पैसे एकदाच मिळतात. तो राखायचा मात्र दर पावसाळ्यात. खेकडे बांध पोखरतात, गुरे तो तुडवतात. ज्येष्ठात डागडुजी झाली नाही तर आषाढात तो उभा राहत नाही. केवळ बांधणीचे अनुदान म्हणजे मूल जन्मले की बारसे थाटात करायचे आणि दुधाची सोय विसरायची! याचे भान फळबागांच्या बाबतीत ठेवले गेले. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागले आणि पुढचे हप्ते जगलेल्या झाडांच्या प्रमाणाशी जोडले. पैसा खड्ड्यासाठी नाही, झाडासाठी. बांधालाही हाच नियम का नसावा?

दुसरी अडचण सातबाऱ्याची. मावळात पुष्कळ जमिनी बंगल्यांसाठी विकल्या गेल्या. उताऱ्यावर नाव ज्याचे, अनुदान त्याचे. तोंडी बोलीने खाचर कसणाऱ्याच्या हाती काही येत नाही. मालक शहरात, कसणारा परका. मग बांधाला माती कोण लावणार?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच: अनुदान द्यावे, पण बांध राखणाऱ्याला द्यावे, आणि तो राखला जाईल तोवर द्यावे.