लाँच ऑप्शन्स : चिठ्ठी कुणाला, वाचतो कोण?

सातारा असो वा सांगली, संगणकावर गेम खेळणाऱ्या पोरांच्या टोळक्यात एक ‘कमांडवाला’ असतोच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि लाँच ऑप्शन्सच्या चौकटीत कुठून तरी आणलेली लांबलचक ओळ पेस्ट. ‘आता एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) डबल!’

होत नाही. ती ओळ म्हणजे गेम सुरू होताना त्याच्या हातात दिलेली चिठ्ठी. त्याला शिकवलेले शब्दच तो वाचतो. ‘डॅश नोविड’ने (टाइप अर्थात रोमनमध्ये) सुरुवातीचा व्हिडिओ टळतो, काही सेकंद वाचतात, पुढे एक फ्रेमही वाढत नाही. शिवाय हा शब्द स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीच्या सोर्स इंजिनवरच्या खेळांचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) अनरियल इंजिनवरचा. त्याला या शब्दाचं सोयरसुतक नाही.

‘टिकरेट १२८’ची गंमत तर औरच. टिकरेट म्हणजे सर्व्हर सेकंदाला किती वेळा खेळाचा हिशेब करतो, तो आकडा. काउंटर-स्ट्राइकच्या २०१२च्या आवृत्तीत तो स्वतःच्या मशीनवर चालवलेल्या सर्व्हरपुरता होता. व्हॉल्वचे सर्व्हर तुमची चिठ्ठी वाचतच नव्हते. सप्टेंबर २०२३मध्ये नवी आवृत्ती आली, तरी ओळ पेस्ट होतेच आहे.

‘कमांडने पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) उतरतो’ हाही भ्रमच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर मुंबईत आहे असं समजून सांगली-मुंबई अंतर ४०० किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. बाकीचा पिंग वायफाय, राउटर आणि इंटरनेटवाल्याच्या वळणावळणाच्या मार्गाचा. तिथे चिठ्ठी पोचत नाही. वायफाय सोडून केबल लावा.

आणि बॅनची भीती? ‘व्हॅक’ ही व्हॉल्वची चीट पकडणारी यंत्रणा चीटचे प्रोग्रॅम शोधते. ही चौकट स्टीमनेच दिली आहे. ती वापरली म्हणून बॅन येत नाही.

मग उपयोग काय? जुन्या मॉनिटरवर गेम उघडताच ‘आउट ऑफ रेंज’ येऊन पडदा काळा होतो, तेव्हा ‘डॅश विंडोड’ अनेक खेळांत कामाला येतो : गेम खिडकीत उघडतो, रिझोल्यूशन बदलता येतं. हेच डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये लिहायचं असेल तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘टार्गेट’च्या चौकटीत बंद होणाऱ्या अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडून लिहा. चिन्हाच्या आत लिहिलंत तर विंडोज त्यालाच फाइलचं नाव समजतं आणि शॉर्टकट नाकारतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

आज एकदा लाँच ऑप्शन्सची चौकट पूर्ण रिकामी करून गेम सुरू करा. फरक जाणवला नाही, तर रिकामीच राहू द्या.