निर्जंतुकीकरणाचा वायू आणि खुली माहिती

उष्णता न सोसणारी प्लॅस्टिकची उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी रुग्णालयांत इथिलीन ऑक्साइड वायू वापरला जातो. त्याच्या धोक्याचे मूल्यमापन अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ साली ‘आयरिस’ या सार्वजनिक माहितीकोशात खुले केले. हा वायू श्वासावाटे जाणे कर्करोगास कारण ठरते, असा त्याचा निष्कर्ष आहे. सुमारे १८ हजार कामगारांच्या नोंदींवर आधारलेली आकडेमोडही तेथे विनामूल्य वाचावयास मिळते. आम्हां हिशेब पाहणाऱ्यांना याचेच अप्रूप अधिक. वासावर मात्र विसंबता येत नाही. तो जाणवेपर्यंत तेथील कामगारांसाठीची मर्यादा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, शेकडो पटींनी ओलांडलेली असते. आमच्या निर्जंतुकीकरण विभागात वायुगळती मोजणारे उपकरण व एक्झॉस्टची स्वतंत्र सोय करण्याचे योजिले असून देणगीदारांनी त्यास साहाय्य करावे, ही नम्र विनंती.