रूळ निघाले, सायकली आल्या
सायकल चालवा म्हटले की रुग्ण गुडघ्यांआधी ट्रकची भीती सांगतात. ती रास्तच आहे. फ्रान्सच्या बर्गंडी भागात बंद पडलेला रेल्वेमार्ग यावर कामी आला. जिव्री ते क्लूनी ही सुमारे ४४ किलोमीटरची वाट १९९७मध्ये सायकलींसाठी खुली झाली. मोटारींना तिथे बंदी. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे रूळ काढून केलेला रस्ताही सौम्य चढाचाच. साठीतल्या हृदयाला हे मानवते. दम थोडा वाढावा, पण सोबत्याशी बोलता यावे, एवढा वेग पुरे. मात्र अशा वाटेवर पाय सतत फिरतात. म्हणून सीट फार खाली नको. पेडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. छातीत दडपण आले तर लगेच उतरा आणि ११२ फिरवा. आपल्याकडचा हा क्रमांक तिथेही चालतो.