मोजके पाणी, मोजकी मेमरी : तुडतुड्यांच्या हिशेबाची गोष्ट

भोसले घराण्याच्या राजवटीमुळे मराठी वाचकाला परिचित असलेले तंजावर हे आजही प्रामुख्याने भाताचे क्षेत्र आहे. मेट्टूर धरणातून परंपरेने 12 जूनला सोडले जाणारे पाणी कल्लणै बंधाऱ्यापाशी विभागले जाते. कावेरी, वेण्णार आणि ग्रँड अणिकट कालवा या वाटांनी ते त्रिभुज प्रदेशात पोहोचते, तर पुराचे जादा पाणी कोळ्ळिडम नदीकडे वळवले जाते. धरणात साठा कितीही असला तरी एका वेळी पाटात मावेल तेवढेच पाणी सोडता येते. म्हणूनच वाटणी, पाळी आणि सांडवा या तीन गोष्टींवाचून सिंचन चालत नाही. मोठ्या संगणकीय कामांनाही हाच नियम लागू पडतो, आणि भातावरील किडींच्या अभ्यासात त्याचा प्रत्यय वारंवार येतो.

कीड बदलते, हिशेब वाढतो

तपकिरी तुडतुडा ही भाताची जुनी शत्रुकीड आहे. रस शोषला गेल्यामुळे पीक जागोजागी गोलाकार जळल्यासारखे दिसते. या किडीला प्रतिकारक असलेला आयआर 26 हा वाण 1973 मध्ये प्रसारित झाला. परंतु काही वर्षांतच त्याचा प्रतिकार मोडणारे तुडतुडे अनेक ठिकाणी आढळले. त्यामुळे एखाद्या भागातील कीड बदलली आहे काय, हा प्रश्न वाण निवडण्यापूर्वीच विचारावा लागतो. तंजावर जिल्ह्यात आडुतुरै येथे 1922 पासून भात संशोधन सुरू आहे. अशा केंद्रांच्या कामात शेतातील निरीक्षणांच्या जोडीला आता डीएनएची माहितीही येऊ लागली आहे.

तपकिरी तुडतुड्याचा जनुकसंच 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे 1.14 अब्ज अक्षरांची आहे. यंत्र हा मजकूर सलग वाचत नाही. प्रत्येक भाग अनेकदा, लहान लहान तुकड्यांत वाचला जातो आणि ते तुकडे जुळवण्याचे काम संगणकाकडे येते.

धरण मोठे, पाट लहान

संगणकाची डिस्क म्हणजे धरण आणि मेमरी, अर्थात रॅम, म्हणजे पाट. डिस्कवर प्रचंड माहिती राहते, पण प्रत्यक्ष काम मेमरीत येईल तेवढ्याच माहितीवर होते. मेमरी भरली की काम अतिशय मंदावते किंवा संगणक ते मध्येच बंद करतो. दोन दिवस चाललेले काम शेवटच्या तासाला असे बंद पडले तर हंगामी सल्ल्याची वेळही निघून जाऊ शकते.

एक ढोबळ हिशेब करून पाहावा. तुकडे जुळवताना मजकुराचे 31 अक्षरी शब्द पाडले आणि नोंदवहीत दर शब्दामागे 16 बाइट जागा लागली असे धरू. खऱ्या जनुकसंचातील शब्द जास्तीत जास्त 1.14 अब्ज, म्हणजे जागा सुमारे 18 जीबी. आता प्रत्येक भाग सरासरी 50 वेळा वाचला असेल, तर एकूण 57 अब्ज अक्षरे होतात. दर 200 अक्षरांमागे वाचनाची एक चूक धरली, तर चुका 28.5 कोटी. एक चूक 31 पर्यंत खोटे शब्द निर्माण करते. म्हणजे खोटे शब्द 8.8 अब्जांपर्यंत जातात आणि जागेची गरज सुमारे 160 जीबी होते. मेमरी खऱ्या माहितीने नव्हे, तर मुख्यतः चुकांनी व्यापली जाते.

सांडवा कोठे ठेवावा

खोटा शब्द बहुधा एकदाच दिसतो, खरा शब्द पुन्हा पुन्हा येतो. याचा लाभ 1970 मध्ये बर्टन ब्लूम यांनी मांडलेल्या गाळणीमुळे घेता येतो. ही गाळणी पूर्ण शब्द साठवत नाही, तो पूर्वी दिसला की नाही याची केवळ खूण ठेवते. दिसलेल्या शब्दाला ती कधीही ‘दिसला नाही’ म्हणत नाही. दर शब्दामागे 10 बिट दिल्या, तर न दिसलेल्या शब्दाला ‘दिसला’ म्हणण्याची चूक सुमारे एक टक्का होते. दुसऱ्यांदा दिसलेला शब्दच मोठ्या नोंदवहीत घेतला, तर वरील हिशेबात गाळणीला साधारण 12 जीबी आणि नोंदवहीला सुमारे 20 जीबी पुरतात. एबिस या संगणकप्रणालीचा अनुभव असाच आहे. कॅनडातील संशोधकांनी मानवी जनुकसंच जुळवण्यासाठी प्रथम अनेक संगणकांची मिळून सुमारे अर्धा टेराबाइट मेमरी वापरली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित आवृत्तीत ब्लूमची गाळणी वापरून असे काम 35 जीबीहून कमी मेमरीत झाले.

दुसरा उपाय पाळीचा. शब्दांची डिस्कवर शंभर कप्प्यांत वाटणी करायची आणि एका वेळी एकच कप्पा मेमरीत आणायचा. यास वेळ अधिक लागतो, परंतु साध्या संगणकावरही काम पूर्ण होते.

दहा संगणक म्हणजे एक मोठा संगणक नव्हे

16 जीबीचे दहा संगणक जोडले म्हणजे आपोआप 160 जीबी मिळतात, हा समज चुकीचा आहे. कोणत्या संगणकाने कोणता वाटा सांभाळायचा हे प्रणालीने ठरवावे लागते. वाटणी विषम झाली तर एक संगणक भरून वाहतो आणि उरलेले नऊ रिकामे बसतात. अनेक कीटकांच्या गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजी ही पाच अक्षरे शेकडो वेळा आवर्तित होतात. असे सारे शब्द एकाच संगणकाकडे एकेक करून पाठवले तर तेथे रांग लागते. म्हणून प्रत्येक संगणकाने आधी स्वतःची बेरीज करावी आणि ‘हा शब्द, इतक्या वेळा’ एवढेच पुढे पाठवावे.

या विचाराचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये तयार केलेला परम 8000 हा अनेक प्रक्रियकांत मेमरी विभागलेलाच महासंगणक होता. त्याच मालिकेतील 838 टेराफ्लॉप क्षमतेचा परम पोरुल मे 2022 मध्ये तंजावरपासून साठ किलोमीटरांच्या आत, तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत कार्यान्वित झाला.

सरासरीची सरासरी नको

आधी बेरीज, मग पाठवणी हे सूत्र कीड सर्वेक्षणालाही लागू पडते. मात्र संक्षेप करताना काय गाळले जाते याचे भान हवे. एका गावात 10 चुडांवर 120 तुडतुडे आढळले, सरासरी 12. दुसऱ्या गावात 40 चुडांवर 80, सरासरी 2. दोन्ही गावांनी केवळ सरासरी कळवली तर त्यांची सरासरी 7 निघते. प्रत्यक्षात 50 चुडांवर 200 तुडतुडे, म्हणजे प्रति चूड 4 असतात. 7 या आकड्यावर विसंबून दोन्ही गावांत फवारणी झाली, तर दुसऱ्या गावातील कोळी आणि मिरिड ढेकूण हे मित्रकीटक विनाकारण मरतात आणि तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होण्याचा धोका वाढतो. उलट 4 हा बरोबर आकडाही पहिल्या गावातील 12 झाकून टाकतो. म्हणून विस्तार कार्यकर्त्याने गावनिहाय एकूण तुडतुडे, तपासलेले चूड आणि दिनांक या तिन्ही गोष्टी कळवाव्यात. तीन आकड्यांना जागा नगण्य लागते आणि निर्णय त्या त्या गावापुरता बरोबर राहतो.

मोठे काम संगणकावर लावण्यापूर्वी एक, दोन आणि चार टक्के माहितीवर चाचणी घेऊन मेमरीची वाढ नोंदवावी, आणि टप्प्याटप्प्याने निकाल डिस्कवर जतन करावा. मोठा संगणक मिळणे प्रत्येक केंद्राच्या हाती नसते. काय ठेवायचे, काय सोडायचे आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे हे ठरवणे मात्र प्रत्येकाच्या हाती असते; पाटकऱ्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.