भिंत सोडलेलं कपाट

‘किचन आयलंड’ म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध, चारही बाजूंनी मोकळं असलेलं कामाचं टेबल. मराठी घरात ते आलं बिल्डरच्या चकचकीत माहितीपत्रकातून आणि परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांच्या फोटोंतून. त्यामुळे ग्रॅनाइटची लांबलचक लादी, खाली बसवलेली कपाटं आणि वर लोंबणारे तीन दिवे असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. पण ज्या अमेरिकेतून हे चित्र आलं, तिथंच जुन्या फर्निचरपासून आयलंड करण्याची घरगुती कारागिरीही चांगली रुजलेली आहे. कपड्यांच्या खणांचं कपाट, ऑफिसचं जुनं टेबल, बंद पडलेल्या दुकानाचं काउंटर अशा वस्तू भिंतीपासून ओढून मध्ये आणायच्या, त्यांची उंची जुळवायची आणि वर नवा पृष्ठभाग बसवायचा. याची दोन कारणं नेहमी सांगितली जातात, स्वस्त पडतं आणि छान दिसतं. दोन्ही कारणं लंगडी आहेत. चांगल्या सुताराची मजुरी धरली तर ते स्वस्त पडेलच असं नाही, आणि छान दिसणं ही ज्याची त्याची आवड. खरं कारण याहून साधं आहे. तयार स्वयंपाकघर एका ठरीव मापाचं असतं आणि माणसं तशी नसतात. जुनं, सुटं फर्निचर आपल्या मापाचं करून घेता येतं.

हे माप आलं कुठून, ते पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या घरांत स्वयंपाकघराच्या मध्ये एक दणकट लाकडी टेबल असे आणि मळणं, चिरणं, निवडणं सगळं त्यावर चाले. भिंतीलगत सुटी कपाटं असत. म्हणजे ज्याला आज आपण नवी कल्पना म्हणतो ते तिथलं जुनंच नेपथ्य आहे. १८६९ मध्ये कॅथरिन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टोव्ह या बहिणींनी गृहव्यवस्थेवरच्या आपल्या पुस्तकात आगबोटीवरच्या आटोपशीर स्वयंपाकघराचा दाखला देऊन, कामाची जागा आणि साठवण एकमेकांना चिकटून हवी असा आग्रह धरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंडियाना राज्यातून ‘हूजियर’ कपाट आलं. पिठाचा डबा, चाळणी, मसाल्यांचे कप्पे आणि पुढे ओढता येणारा कामाचा पत्रा हे सगळं एका सुट्या कपाटात होतं. ते लाखोंनी खपलं. मग १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार स्त्रीनं फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं आणि मिनिटं मोजून, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर नजरेसमोर ठेवून केलेली ती आखणी होती. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. आजचं ‘मॉड्युलर किचन’ याच वंशातलं. त्यानं बाईचे श्रम वाचवले, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याच हिशेबात सगळं भिंतीला खिळलं, आणि अमेरिकेत ३६ इंच ही ओट्याची उंची ठरून गेली. कारखान्याला एकच माप परवडतं.

आता हे ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर, आपल्याकडच्या स्वयंपाकघरात उभे करून पाहू. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. या उंचीच्या व्यक्तीचं कोपर जमिनीपासून साधारण ९६ सेंटिमीटरवर येतं. उभ्यानं चिरण्या-निवडण्यासाठी पृष्ठभाग कोपराच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली हवा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. हिशेब येतो ८१ ते ८६ सेंटिमीटर, म्हणजे ३२ ते ३४ इंच. कणीक मळताना आणि पोळ्या लाटताना अंगाचा भार हातावर यावा लागतो, म्हणून तिथं आणखी खाली, ३० ते ३२ इंच बरं. परदेशी मापाच्या ओट्यावर लाटताना खांदे कानापाशी जातात ते यामुळे. आणि गंमत पाहा, कपड्यांच्या खणांचं जुनं कपाट साधारण ३० ते ३६ इंच उंच असतं आणि लिहायचं टेबल ३० इंच. अमेरिकेतला हौशी कारागीर ज्या दोन-चार इंचांच्या उणिवेशी झगडतो, ती उणीव आपल्याकडे उणीवच नाही.

माणसाप्रमाणे माप बदलावं लागतं याचा पुरावा अमेरिकेतच जपून ठेवलेला आहे. फ्रेंच पाककला अमेरिकेच्या घराघरांत नेणाऱ्या ज्युलिया चाइल्ड सहा फुटांहून उंच होत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या त्यांच्या घरातले ओटे त्यांचे पती पॉल यांनी ३८ इंचांवर नेले होते. २००१ मध्ये ते अख्खं स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं उचलून नेलं, आणि त्याच्या मधोमध आहे ते एक साधं, सुटं टेबल. उंच बाईला ३८ इंच लागले, तर पाच फुटी बाईनं ३६ इंचांवर का निभावून न्यावं?

मात्र कोणतंही कपाट मध्ये ओढलं की आयलंड झालं, असं नाही. ही कारागिरी जिथं फसते ती बहुधा निवडीतच. कपड्यांच्या कपाटाची पाठ पाहावी. ते भिंतीला टेकून उभं राहायचं म्हणून पुढून सागवान आणि मागून खिळ्यांनी ठोकलेला पातळ पत्रा किंवा प्लाय असा मामला असतो. मध्ये आणलं की ती पाठ उघडी पडते. नुसती दिसायला वाईट असं नाही, ती कच्चीही असते. चारही बाजूंनी माणसं टेकणार, धक्के बसणार, तेव्हा सांगाडा तिरका व्हायला लागतो. म्हणून पहिलं काम पाठ बदलण्याचं. फळ्या एकमेकींत खाच-पट्टीनं बसवून त्या चौकटीला स्क्रूनं घट्ट केल्या की कपाट ताठ उभं राहतं. दुसरं काम खणांचं. साड्या-सदऱ्यांसाठी केलेल्या खणाचा तळ तीन-चार मिलिमीटरचा असतो. त्यात पोळपाट, खलबत्ता, पितळी पातेली ठेवली की तो पोट सोडतो. तळ जाड प्लायचा करावा, ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्या घासून सारख्या कराव्यात आणि त्यांना मेण चोळावं. खणाचा कोपरा जिथं जुळतो तिथं पंख्यासारख्या पसरलेल्या दातांची गुंफण दिसली, तर सांगाडा चांगल्या हातानं केलेला आहे असं धरायला हरकत नाही. दात थोडे असमान असतील तर ते यंत्रानं नाही, करवत आणि पटाशीनं कापलेले आहेत. कोपऱ्यात नुसते खिळे दिसले तर पैसे जपून मोजावेत.

याहून उत्तम वस्तू म्हणजे दुकानाचं लाकडी काउंटर. किराणा, औषधं, कापड यांची जुनी काउंटरं उभ्यानं काम करायलाच घडवलेली असतात. गिऱ्हाइकाकडची बाजू नीट पॉलिश केलेली, दुकानदाराकडच्या बाजूला कप्पे आणि खण. म्हणजे आयलंडला जे हवं ते सगळं आधीच आहे, फक्त लांबी कमी करावी लागते. शिंप्याच्या कापणीच्या टेबलाचंही तेच. तरी लोक खणांच्या कपाटामागे धावतात, कारण फोटोत ते गोजिरं दिसतं.

वरचा पृष्ठभाग मात्र नवाच हवा, यात तडजोड नको. जुन्या फर्निचरवर बहुधा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. गरम पातेलं टेकवलं की पांढरं वर्तुळ उमटतं. संगमरवर देखणा, पण लिंबू, चिंच, कोकम त्याला खातात आणि हळद कायमची बसते. कडप्पा किंवा ग्रॅनाइट टिकतो, पण वजन विचारात घ्यावं. चार फूट बाय दोन फुटांची २० मिलिमीटर जाड लादी सुमारे ४० किलो भरते. खालचा सांगाडा आणि पाय तेवढ्या जोराचे नसले तर गडबड. जाड सागवानी फळी घातली तर ती पावसाळ्यात आडवी फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून स्क्रूची भोकं लांबट ठेवायची. गच्च आवळली की फळी फाटलीच म्हणून समजा. कोकणात आषाढ-श्रावणात कपाटाचे खण उघडेनासे होतात, तोच हा फुगवटा. सगळ्यांत कमी कौतुक होणारा आणि सगळ्यांत व्यवहारी पर्याय म्हणजे प्लायवर मढवलेला स्टेनलेस स्टीलचा पत्रा. हॉटेलांची भटारखानी टेबलं करणारा कारागीर कडा दुमडून तो करून देतो.

इतका उपद्व्याप करण्यापेक्षा नवं का करू नये, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर लाकडात आहे आणि सांध्यातही. आज बाजारात ‘लाकडी’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं भुसा आणि गोंद दाबून केलेलं असतं. कडेनं एकदा पाणी शिरलं की ते फुगतं आणि परत बसत नाही. स्क्रू निघाला तर त्याच भोकात पुन्हा धरत नाही. जुन्या फर्निचरचे सांधे कुसू आणि खाचेचे, सरसानं चिकटवलेले. सरस ऊब आणि ओल लागली की सुटतो. स्वयंपाकघराच्या वाफेत हा दोष ठरतो, म्हणून मध्ये आणण्याआधी सांधे उघडून नव्या गोंदानं जुळवावेत. पण सांधा उघडता येतो म्हणूनच दुरुस्ती शक्य असते. शिवाय ते लाकूड आता सहज मिळत नाही. मुंबईच्या जुन्या इमारती आणि फर्निचर ज्या बर्मी सागवानाचं होतं, ते जिथून येई त्या म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली. दुसरीकडे फेकण्याचं प्रमाण पाहा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या आकड्यांनुसार २०१८ मध्ये त्या देशात फर्निचर आणि गृहसजावटीचा १ कोटी २१ लाख टन कचरा निघाला आणि त्यातला सुमारे ८० टक्के जमिनीत पुरला गेला. आपल्याकडे पुनर्विकासाला इमारत गेली की जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यासारख्या बाजारात असं सामान येतं. तिथं नवं करून जुनं भासवलेलंही भरपूर असतं, म्हणून खण उलटा करून पाहावा.

स्वच्छतेचा आक्षेप जास्त गंभीर. लाकूड जंतू धरून ठेवतं, असं ठामपणे सांगितलं जातं. डीन क्लाइव्हर या अमेरिकी अन्नसूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात याच समजाची तपासणी केली. लाकडी पाटावरचे जीवाणू आत शोषले जातात, तिथं वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात. उलट सुरीच्या चऱ्या पडलेला प्लास्टिकचा पाट हातानं धुऊन साफ होणं अवघड, असं त्याला आढळलं. याचा अर्थ जुन्या टेबलावर थेट मासळी साफ करावी असा नाही. मासळीला वेगळा पाट हवा आणि तो धुवायलाच हवा. लाकडापेक्षा खरी भीती रंगाची आहे. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, तर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा ऑइलपेंट कोरडा घासून उडवू नये, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. तपासता येत नसेल तर रंगवलेलं कपाट सोडून पॉलिश केलेलं घ्यावं. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा ताजा भुसा असेल तर कीड अजून जिवंत आहे. असली वस्तू धान्याजवळ आणू नये, कितीही स्वस्त मिळो.

जुनी वस्तू कापणं म्हणजे वारशाचा नाश, असंही म्हटलं जातं. गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरातलं कोरीव शिसवी कपाट कापून त्याला चाकं लावणाऱ्याचा हात धरावा, हे मान्यच. पण ऑफिसांसाठी शेकड्यांनी घडवलेलं टेबल हा वारसा नव्हे, साहित्य आहे. आणि उंची वाढवायला खाली वेगळी चौकट स्क्रूनं जोडली, पाय कापले नाहीत, तर केलेला बदल उद्या उलटवताही येतो.

उरली जागा, आणि इथं मात्र माघार घ्यावी लागते. अमेरिकेतल्या स्वयंपाकघर-सल्लागारांच्या संघटनेचा दंडक असा की कामाच्या वाटेला एका माणसासाठी ४२ इंच आणि दोघांसाठी ४८ इंच मोकळे हवेत. आठ फूट रुंदीच्या खोलीत दोन फुटांचा ओटा धरला तर सहा फूट उरतात. त्यात दोन फुटांचं आयलंड आणि साडेतीन फुटांची वाट काढली की पलीकडे सहा इंच. म्हणजे ते बेट राहत नाही, भिंतीलाच लागतं. अशा घरात दीड फूट रुंदीचं, चाकांवरचं टेबल हाच मार्ग. त्याची किमान दोन चाकं अडकवता यायला हवीत, नाहीतर पोळी लाटताना ते पुढे पळतं. दिवाळीचा फराळ करताना ते मध्ये घ्यावं, एरवी हॉलच्या भिंतीला लावावं. चाळीच्या खोलीला किंवा सहा बाय आठच्या स्वयंपाकघराला आयलंड सुचवणं ही थट्टा होईल. तिथं आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतं तसं जाळीचं दुभत्याचं कपाट जास्त कामाचं.

सुटं असण्याची एक किंमत मात्र प्रत्येक घरात मोजावी लागते. मध्ये नळ नाही, गॅस नाही, वीज नाही. मिक्सरची वायर जमिनीवरून ओढून आयलंडापर्यंत नेणं धोक्याचं, कारण कुणाचा तरी पाय त्यात अडकणारच. तेव्हा मिक्सर, शेगडी आणि मोरी भिंतीपाशीच ठेवून मध्ये फक्त थंड कामं करावीत. भाजी निवडणं, चिरणं, कणीक मळणं, डबे भरणं. हीच कामं जास्त वेळ खातात, आणि ती करताना तोंड भिंतीकडे नाही, घरातल्या माणसांकडे असतं. समोरच्या बाजूला कुणी येऊन उभं राहिलं तर त्याच्याही हाती शेंगा सोलायला देता येतात.