नखाची बुरशी : नवे नख येईपर्यंत धीर धरा



लावणीच्या दिवसांत तरवा काढता-लावताना पाय तासन् तास चिखलात राहतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांतली बुरशी वेळीच गेली नाही, तर नखात शिरते. नख पिवळे पडते, जाड होते, कडेने भुगा पडतो. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. हा रोग काही दुर्मीळ नाही. जगात साधारण दहा माणसांत एकाला असतो, म्हातारपणी जास्तच. मालवणच्या किनाऱ्यावर मासळी साफ करणाऱ्या बायांचे हात सतत ओले असतात. त्यांना हाताच्या नखाभोवती सूज येते, तिथे बुरशीची जात बहुधा निराळी असते.

एका बागायतदाराने मला विचारले, "साहेब, सुपारीच्या कोळे रोगाला बोर्डो मारतो, तोच नखाला लावला तर?" अजिबात नको! शेतातली औषधे माणसाच्या अंगाला लावायची नव्हेत.

पण शेतातलीच एक गोष्ट इथे लागू पडते. भातावर करपा आला की फवारणीने डागाळलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, नवे पान तेवढे निरोगी येते. नखाचे तसेच आहे. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे जेमतेम दीड. म्हणून पायाच्या अंगठ्याचे नख पुरते बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते. टर्बिनाफिनच्या गोळ्या हाताच्या नखाला साधारण ६ आठवडे आणि पायाच्या नखाला १२ आठवडे देतात. गोळ्या संपल्या तरी नख वाईटच दिसते, पण औषध नखात राहून काम करीत असते. गुण नाही म्हणून मध्येच गोळ्या सोडणारे पुष्कळ भेटतात. सगळ्यांची नखे पूर्ण बरी होतात असे नाही, काहींना रोग उलटतोही. तरी अर्धवट औषध घेण्यात पैसे फुकट जातात.

खराब नखांपैकी जवळजवळ निम्मी बुरशीची नसतातच; मार किंवा सोरायसिसनेही नख बिघडते. तेव्हा नखाचा कीस आधी तपासून घ्या. यकृताचा त्रास असेल किंवा दुसरी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणू नका. खाज थांबते आणि बुरशी पसरते. मधुमेह असेल तर मात्र आजच दाखवा, कारण अशा पायाची जखम चिघळून पाय गमावलेली माणसे आहेत.

मळ्यातून आल्यावर पाय धुवा, बेचके कोरडे पुसा. नख कापायचे हत्यार प्रत्येकाचे वेगळे ठेवा. गोळ्या सुरू होताना चांगल्या आणि खराब नखाच्या सीमेवर डॉक्टरांकडून बारीक रेघ काढून घ्या. रेघ पुढे सरकून मागे स्वच्छ नख आले, की औषध लागू पडले समजा.